मागून येणाऱ्याचे पाणी

वाचकहो, आपल्या घरी पाहुणा आला म्हणजे आपण काय करतो? बंब पेटवतो, घंगाळात कढत पाणी काढतो, त्यात विसण घालतो आणि म्हणतो, "चला, आंघोळ उरकून घ्या." पाहुणा तांब्या-तांब्याने पाणी अंगावर घेतो, ते मोरीतून परसातल्या केळींना जाते आणि गोष्ट तिथेच संपते. ज्याचे पाणी त्याने वापरले. माझ्यामागून आंघोळीला येणाऱ्या माणसाचा माझ्या पाण्याशी काही संबंध असतो, असे मला चाळिशी उलटेपर्यंत कधी वाटले नव्हते. तो संबंध मला जपानातल्या एका खेड्यात कळला. आणि खरे सांगायचे तर फजिती होऊनच कळला.

कॉलेजात इतिहास शिकवताना बोधिसेन नावाच्या एका भारतीय भिक्षूची माहिती माझ्या वाचनात आली. हा भिक्षू इ. स. ७३६ मध्ये चीनमार्गे जपानला पोचला, आणि ७५२ साली नारा येथील तोदाइजी मंदिरात बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती घडली तेव्हा तिचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. ती मूर्ती आणि ते मंदिर एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून मी नाऱ्याला गेलो, आणि जवळच्या एका खेड्यात एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलो. घरात आजीबाई, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. थोरली नात इंग्रजी जाणत होती, तेवढाच आमच्या बोलण्याला आधार.

दिवस मावळला तशी ती मुलगी म्हणाली, "पाणी तापले आहे. पहिली आंघोळ पाहुण्यांची." जपानात आंघोळ सहसा संध्याकाळची, कामावरून आल्यावरची. न्हाणीघरात गळ्याएवढ्या पाण्याचा एक खोल हौद होता, त्यावर झाकण, आणि पाण्याच्या वाफा निघत होत्या. मी झाकण काढले, आत उतरलो, तिथेच बसून साबण लावला, यथेच्छ अंग चोळले. आणि बाहेर पडताना, आपले घाण पाणी दुसऱ्यासाठी ठेवणे बरे नव्हे, अशा सद्भावनेने तळाचे बूच उपसून टाकले.

बाहेर आलो तो पाच माणसे आपापला पंचा घेऊन आंघोळीच्या पाळीची वाट पाहत होती! पाणी जात असल्याचा घळघळ आवाज साऱ्यांनीच ऐकला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग आजीबाईंना हसू फुटले. त्या आत गेल्या, बूच लावले आणि नळ सोडला. मला कोणीही शब्दाने दुखवले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र नातीने मला न्हाणीघराच्या दाराशी उभे करून, एखाद्या पोराला पाढे शिकवावेत तसा सारा क्रम शिकवला.

तो क्रम असा. हौदाबाहेर एक बुटके स्टूल असते. त्यावर बसायचे, छोट्या बादलीने पाणी घ्यायचे, साबण लावायचा, अंग, डोके, पाय सारे स्वच्छ करायचे आणि साबणाचा अंशही राहणार नाही इतके धुऊन काढायचे. मग हौदात उतरायचे. हौद अंग धुण्यासाठी नाहीच, धुतलेले अंग शेकण्यासाठी आहे. पाणी असते ४०-४२ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्याला पहिल्यांदा चटकाच बसतो. चार-दहा मिनिटे स्वस्थ बसायचे, बाहेर येऊन झाकण ठेवायचे, आणि मग दुसऱ्याने जायचे. सारे घर त्याच पाण्यात. रात्री उरलेले पाणी पुष्कळ घरांत दुसऱ्या दिवशी कपडे धुण्याच्या कामी येते. म्हणजे मी आदल्या दिवशी पाच माणसांची आंघोळ आणि एका घरची धुणी मोरीत सोडून दिली होती!

आपल्याला पहिल्यांदा हे चमत्कारिक वाटेल. एकाच पाण्यात सगळ्यांनी बसायचे? आपली शुद्धीची कल्पना वाहत्या पाण्याची आहे. त्यांची कल्पना निराळी आहे, पण ती अस्वच्छतेची नव्हे. ती घडली कशी हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या एका चिनी इतिहासग्रंथात जपानी बेटांतील लोकांच्या चालीरीती नोंदल्या आहेत. त्यांत असे म्हटले आहे की प्रेत पुरून झाल्यावर सारे घर पाण्यात उतरून शुद्ध होते. सुतकाची आंघोळ ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. पुढे इ. स. ७१२ मध्ये 'कोजिकी' हा त्यांचा पुराणग्रंथ सिद्ध झाला. त्यात इझानागी हा देव मृत पत्नीला शोधत पाताळात जातो आणि परतल्यावर तिथला विटाळ धुण्यासाठी नदीत स्नान करतो. डावा डोळा धुताना त्यातून सूर्यदेवता आमातेरासू जन्मते. ज्या लोकांची मुख्य देवताच आंघोळीतून जन्मली, त्यांना पाण्याचे महत्त्व कोणी शिकवावे? आजही शिंतो देवळात शिरण्यापूर्वी माणूस हात आणि तोंड धुतो.

पण थंड नदीत बुडी मारणे वेगळे आणि कढत पाण्याची न्हाणी वेगळी. ही न्हाणी लोकांपर्यंत पोचवण्यात बौद्ध विहारांचा वाटा मोठा आहे, आणि त्या वाटेने मागे मागे गेले की आपण थेट वैशालीला पोचतो. पाली विनयपिटकात कथा आहे की वैशालीचे भिक्षू लोकांनी वाढलेले पक्वान्न जेवून आजारी पडू लागले. त्या वेळी जीवक वैद्याने भगवान बुद्धांना विनंती केली की भिक्षूंना चालण्यासाठी जागा आणि 'जन्ताघर', म्हणजे ऊन न्हाणीघर, यांची अनुज्ञा द्यावी. बुद्धांनी ती दिली. याच जीवकाच्या नावाशी जोडलेले स्नानगृहाविषयीचे एक छोटे सूत्र चिनी भाषेतून जपानात गेले. त्यात न्हाण्याचे सात पदार्थ सांगितले आहेत. अग्नी, स्वच्छ पाणी, अंगाला लावायचे डाळीचे पीठ, स्निग्ध लेप, राख, दातवण आणि आतले वस्त्र. आपल्या आजीच्या न्हाणीघरातल्या वस्तूंची ही यादी वाटावी! आणि स्नानाचे पुण्य जसे न्हाणाऱ्याला, तसेच दुसऱ्याला न्हाऊ घालणाऱ्यालाही मिळते, असे त्या सूत्राचे सांगणे आहे.

या शिकवणुकीमुळे विहारांतून भिक्षूंसाठी आणि पुढे गोरगरिबांसाठी स्नानगृहे चालू झाली. तोदाइजीच्या आवारात तेराव्या शतकातले स्नानगृह अजून उभे आहे. त्यातले लोखंडी पात्र एवढे मोठे की आपल्या गुऱ्हाळातली काहील आठवते. ज्या सम्राट शोमूने ती बुद्धमूर्ती घडवली, त्याची राणी कोम्यो हिने ७३० साली गरिबांसाठी औषधालय स्थापन केले. तिच्याविषयी एक आख्यायिका आहे. तिने एक हजार लोकांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालण्याचा संकल्प सोडला. नऊशे नव्याण्णव झाले, आणि हजारावा आला तो महारोगी. राणीने क्षणभरही मागे न सरता त्याचे अंग धुतले, जखमा स्वच्छ केल्या. तेवढ्यात त्याच्या देहातून तेज फाकले. तो साक्षात अक्षोभ्य बुद्ध होता. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण एखाद्या समाजाने कोणती आख्यायिका शतकानुशतके जपली, हाही इतिहासच. न्हाणीघराच्या दारातून कोणाला परत पाठवू नये, असे ही गोष्ट सांगते. पुढच्या मजकुरासाठी ती लक्षात ठेवावी.

आता शहराकडे वळू. आजचे तोक्यो म्हणजे पूर्वीचे एदो. १५९१ मध्ये इसे योइची नावाच्या माणसाने तिथे झेनिगामे पुलाजवळ पैसे घेऊन आंघोळ देणारे घर उघडले. अशा घरांना 'सेन्तो' म्हणतात. एदो झपाट्याने वाढले. लाकडाची घरे एकमेकांना खेटून उभी. आगीचे भय कायमचे, जळण महाग, आणि वाऱ्याने उडणारी धूळ फार. घरोघरी चूल पेटवून पाणी तापवणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून सारी आळी एका सेन्तोवर न्हाऊ लागली. वाफ कोंडून राहावी म्हणून हौदाकडे जाणारे दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे लागे, आणि आत अंधार. सामुराई असो की हमाल, कपडे बाहेर, मान खाली! शिकितेइ सान्बा या लेखकाने १८०९ पासून 'उकियोबुरो' नावाचे एक विनोदी पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. त्यात आरंभापासून अखेरपर्यंत सेन्तोतली माणसे आणि त्यांच्या गप्पा आहेत. वस्त्रे उतरल्यावर श्रीमंत-गरीब सारखेच, तेव्हा नीती शिकायला याहून सोपी शाळा नाही, असा त्याचा मिस्किल दावा आहे.

खेड्यातली तऱ्हा निराळी. तिथे पुष्कळ भागांत लोखंडी कढईची न्हाणी असे. कढईखाली जाळ, आणि पाय पोळू नयेत म्हणून पाण्यावर तरंगणारी लाकडी फळी. फळीवर उभे राहून तिच्यासकट तळाशी बसायचे. इशिकावा गोएमोन नावाच्या दरोडेखोराला १५९४ मध्ये क्योटोत कढईत उकळून मारले, त्यावरून या न्हाणीला 'गोएमोनबुरो' असे नाव पडले. जिप्पेन्शा इक्कूच्या प्रवासविनोदात एदोचे दोन गडी अशा न्हाणीशी झगडतात. फळीचे मर्म त्यांना कळत नाही, म्हणून ते लाकडी खडावा घालून कढईत उतरतात. शेवटी एकाच्या धसमुसळेपणाने कढईचा तळ फुटतो! हे वाचून मला फार बरे वाटले. जपानी माणूससुद्धा दुसऱ्या मुलखात गेला की माझ्यासारखाच फसतो.

गावात एवढे पाणी आणायचे विहिरीवरून, पोहऱ्याने किंवा बादल्यांनी. ते काम बहुधा सुनेचे. आणि आंघोळीचा क्रम पाहुणा, घरचा कर्ता, मुलगे, मग बायका असा असल्याने पुष्कळदा शेवटची आंघोळ तिचीच. ज्या बाईने पाणी भरले, जाळ घातला, तिच्या वाट्याला निवत आलेले पाणी. तेव्हा जुन्या चालीचे कौतुक करताना या बाईला विसरता कामा नये. दुसरीकडे, जळण आणि श्रम वाचावेत म्हणून शेजारी एकमेकांत पाळ्या लावत. आज तुमच्या घरी जाळ, उद्या आमच्या. या मागून घेतलेल्या आंघोळीला 'मोराइबुरो' असे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून, जपान सरकारने गावोगाव शेती-सुधारणेबरोबर घर-सुधारणेच्या कार्यकर्त्या पाठवल्या. सुधारलेल्या चुली, नळाचे पाणी आणि काही गावांत सामाईक न्हाणीघरे ही त्या चळवळीची कामे होती, आणि त्यांतून सुनेच्या खांद्यावरचे ओझे थोडे उतरले.

माझ्यासारखे परदेशी पाहुणे जपानच्या न्हाणीघरात पूर्वीही पुष्कळ डोकावले. त्यांतला एक गोव्यामार्गे गेलेला. लुइश फ्रोइश हा पोर्तुगीज जेझुइट १५४८ मध्ये गोव्यात आला, तिथेच शिकला आणि १५६३ मध्ये जपानला पोचला. १५८५ मध्ये त्याने युरोप आणि जपान यांच्या रीतींची तुलना करणारी एक वही लिहिली. आमच्याकडे आंघोळ घरात लपून होते, जपानात स्त्री-पुरुष आणि भिक्षू सार्वजनिक न्हाणीत जातात, अशी नोंद त्यात आहे. त्या काळी युरोपातले पुष्कळ वैद्य सांगत की ऊन पाण्याने त्वचेची छिद्रे उघडतात आणि त्यांतून रोग आत शिरतो. हे ध्यानात घेतले म्हणजे फ्रोइशचे नवल समजते.

१८५४ मध्ये अमेरिकन नौसेनापती पेरी आपला काफिला घेऊन शिमोदा बंदरात आला. तिथल्या न्हाणीघरात स्त्री-पुरुष एकत्र न्हाताना पाहून त्याच्या माणसांना धक्का बसला. त्याच्या चित्रकाराने काढलेले दृश्य १८५६ च्या अधिकृत वृत्तांतात छापले गेले, आणि पुढच्या काही प्रतींतून गाळलेही गेले. एकत्र स्नानाला एदोच्या शासनाने १७९१ मध्येही मनाई केली होती, पण ती पुरती पाळली गेली नाही. परकीयांचे डोळे आले तेव्हा मात्र नव्या मेइजी सरकारला लाज वाटू लागली. १८७२ च्या तोक्योच्या नियमांत एकत्र स्नान आणि गोंदणे या दोन्ही गोष्टींवर बंदी आली. पाहुणा नुसता पाहत नाही. त्याच्या पाहण्याने घरही बदलते.

१८७८ मध्ये इझाबेला बर्ड ही इंग्रज बाई उत्तर जपानात खेडोपाडी हिंडली. काही डोंगरी गावांत तिला अंगाला आणि कपड्यांना महिनोन् महिने पाणी न लागलेली, त्वचारोगांनी गांजलेली माणसे दिसली. आणि उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या, गावी वाकून नमस्कार करत एकमेकांना पाण्याचे भांडे देणारे लोकही दिसले. दोन्ही चित्रे खरी. जपानी माणूस जन्मतःच स्वच्छ, असे समजण्याचे कारण नाही. जिथे पाणी, जळण आणि शेजार जुळून आले तिथे ही सवय वाढली.

आता त्या हजाराव्या माणसाकडे परत येऊ. न्हाणीघरात सगळे समान, हे खरे, पण दारापाशी? मेलेल्या जनावरांची कातडी कमावणे यांसारख्या कामांमुळे ज्यांना हीन मानले, असा एक वर्ग जपानात शतकानुशतके होता. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हीन दर्जा कायद्याने गेला. तरी अनेक ठिकाणी सार्वजनिक न्हाणीघरांची दारे त्यांना बंदच राहिली. ३ मार्च १९२२ रोजी त्यांनी क्योटोत आपली संघटना उभी केली. तिच्या संस्थापकांपैकी काही याच नारा प्रांतातले होते. संघटनेचे नाव 'सुइहेइशा'. 'सुइहेइ' म्हणजे समपातळी, आणि तो शब्द 'पाणी' आणि 'सपाट' या दोन अक्षरांनी लिहितात. पाणी ठेवले की आपोआप सपाट होते, त्याला उच्च-नीच ठाऊक नाही.

हे नाव वाचले तेव्हा मला महाड आठवल्यावाचून राहिले नाही. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध होता असे माझे म्हणणे नाही. पण पाण्यावरून माणसाला अडवणे आणि पाण्याच्याच साक्षीने त्याने उभे राहणे, हे दोन्ही देशांनी पाहिले.

दाराचा प्रश्न तिथेही पुरता मिटलेला नाही. होक्काइदोतल्या ओतारू बंदरात रशियन खलाशी येत. न्हाणीघरात ते रीत पाळत नाहीत, अशा तक्रारी झाल्या, आणि काही न्हाणीघरांनी १९९० च्या दशकात 'फक्त जपानी' अशा पाट्या लावल्या. जन्माने अमेरिकन पण जपानी नागरिक झालेल्या एका गृहस्थालाही तोंडावळा पाहून परत पाठवले गेले. तो आणि आणखी दोघे न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००२ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने हा अन्याय्य भेदभाव ठरवून प्रत्येकी दहा लाख येन भरपाई देण्याचा हुकूम न्हाणीघराला दिला. २०१३ मध्ये त्याच होक्काइदोत न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी विदुषीला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे न्हाणीत प्रवेश नाकारण्यात आला. ती आली होती आदिवासी भाषांच्या परिषदेसाठी! गोंदण म्हणजे गुंडांच्या टोळीची खूण, असा समज तिथे पक्का आहे, त्याचा हा परिणाम.

मी विचार करतो की ओतारूच्या खलाशांची चूक आणि माझी चूक यांत फरक तो काय? हौदात साबण त्यांनी लावला असेल तर मीही लावला. माझ्या आजीबाईंनी पाटी लावली नाही. त्या हसल्या, बूच लावले, आणि दुसऱ्या दिवशी नातीकरवी मला रीत शिकवली. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात चुकणारे मूल आपल्यासमोर रोज येते. त्याला दाराबाहेर काढायचे की दाराशी उभे करून क्रम शिकवायचा, हे ठरवणे आपल्या हाती असते.

आज जपानात जवळजवळ प्रत्येक घराला न्हाणीघर आहे. १९६८ च्या सुमारास देशात अठरा हजारांच्या आसपास सेन्तो होते; आता ते दोन हजारांच्याही खाली आले आहेत. पण सवय गेलेली नाही. १९९५ च्या कोबे भागातल्या आणि २०११ च्या ईशान्य किनाऱ्यावरच्या भूकंपानंतर घरे गमावलेल्या लोकांसाठी त्यांच्या सैन्याने तंबूंतून कढत पाण्याचे हौद उभारले. अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर आंघोळही माणसाची गरज आहे, हे तिथे कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर बसून अंग नीट धुतले, चार वेळा पाणी ओतून साबण घालवला, आणि मग हौदात उतरलो. पाणी तसेच नितळ राहिले. बाहेर येऊन झाकण ठेवले. दाराशी आजीबाई पंचा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मान डोलावली, आणि सुनेला हाक मारून आपल्या आधी आत पाठवले.